ऊब

आमच्या बेळगावला एके काळी गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. त्यामुळे थंडीच्या बाबतीत बेळगावकराला थोडा अहंकार असतो. पहाटे कॅम्पातल्या झाडांखालून हिंडलग्यापर्यंत सायकलवर जाऊन यावे, कानांना मफलर गुंडाळलेला असावा, परतल्यावर ऊन ऊन चहा घ्यावा, एवढ्या अनुभवावर आम्ही स्वतःला थंडीचे जाणकार समजतो. माझा हा अहंकार गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरने उतरवला. त्याबरोबर दुसरा एक अहंकारही उतरवला. तो भाषेचा होता. हा लेख त्या दुसऱ्याविषयी आहे, पण त्याच्याकडे जाणारी वाट एका गारठलेल्या गॅरेजमधून जाते.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली. गेल्या डिसेंबरात ती न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. भाच्याची नोकरी परगावी, सूनबाई सकाळी शाळेत शिकवायला जाणाऱ्या, घरात चौदा वर्षांचा नातू. मी माझ्या फायली सहकाऱ्यांच्या हवाली केल्या आणि सहा आठवड्यांसाठी तिच्याकडे जाऊन राहिलो.

तिचे घर लष्कर भागात आहे. दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ जेथे पडला तेथेच पुढे शहर वसले आणि त्याचे नाव लष्करच राहिले. राजकवी भा. रा. तांबे यांच्या या गावात मराठी घरे अजून पुष्कळ आहेत. आक्काच्या सासरचा जुना वाडा वाटणीत विभागला गेला, आणि तिच्या वाट्याला मागची बाजू आली. त्या बाजूला पूर्वी पागा होती. घोडे गेले, पुढे तेथे मोटार आली, आणि आता मोटारही भाच्याबरोबर परगावी गेल्याने ते गॅरेज रिकामे पडले होते. दगडी भिंती, दगडी फरशी, रस्त्याच्या बाजूला पत्र्याचे शटर आणि घरात उघडणारे एक लाकडी दार. उत्तरेकडे तोंड असल्यामुळे हिवाळाभर तेथे उन्हाचा कवडसाही येत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला गेला. तेव्हापासून रोज चाळीस मिनिटे सायकल चालवणे हा माझ्यासाठी छंद उरलेला नाही. ती वैद्यकीय आज्ञा आहे. पण जानेवारीत ग्वाल्हेरला असे धुके पडते की सकाळी नऊ-दहा वाजेपर्यंत समोरचे झाड दिसत नाही, आणि रस्त्यावरची वाहने दिवे लावून रांगत असतात. तेथे सायकल घेऊन बाहेर पडणे म्हणजे एका धोक्यातून सुटण्यासाठी दुसरा ओढवून घेणे. तेव्हा भाच्याची जुनी सायकल शोधून काढली, आणि बाजारातून तो लोखंडी स्टँड आणला ज्यात मागचे चाक उचलून एका रोलरवर टेकवतात. सायकल जागच्या जागी राहते, चाक फिरते आणि रोलर पायांना विरोध करतो. गॅरेजच्या भिंतीवर एक तापमापक टांगला होता. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला पारा सात अंशांवर होता.

बंद जागेत वारा नसतो, म्हणून थंडी कमी लागेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात दगडाने रात्रभर साठवलेला गारठा फरशीतून वर येत होता. हँडलच्या लोखंडाला हात लावताच तळव्यातली ऊब निघून गेली. नातू दारात उभा राहून पाहत होता. त्याने काळजीने विचारले, “मामाआजोबा, तुम्हाला थंडी लागते का?”

मी म्हणालो, “थंडी लागत नाही रे, वाजते.”

तो ओशाळून हसला. मीही हसलो. आपण काही चुकीचे केले असे मला त्या वेळी मुळीच वाटले नाही.

वास्तविक ‘थंडी वाजते’ हा मराठीचा मोठा देखणा प्रयोग आहे. हिंदीत थंडी लगते. आमच्या शेजारच्या कन्नडात ‘चळी’ होते. मराठीत मात्र ती वाजते. अंगात शिरते आणि दातांवर दात वाजवून स्वतःची वर्दी देते. हुडहुडी, कुडकुडणे, काकडणे, शिरशिरी असे नादातूनच थंडी सांगणारे शब्द आपल्याकडे किती आहेत! शिवाय ‘हीव’ आहे, जो संस्कृत ‘हिम’ या शब्दातून आला आणि ज्याच्यावरून आपण ऋतूला हिवाळा आणि थंडी वाजून येणाऱ्या तापाला हिवताप म्हणतो. हे सारे मला ठाऊक होते आणि ठाऊक असल्याचा अभिमानही होता. म्हणून तो मुलगा ‘पाहुणे येऊन राहिले आहेत’ म्हणाला की मी ‘येत आहेत’ म्हणत असे. तो ‘माझ्याजवळ वेळ नाही’ म्हणाला की मी ‘मला वेळ नाही’ म्हणत असे. सीमाभागात चार तपे भाषेसाठी झगडणाऱ्या घरातला मी. मला ते कर्तव्यच वाटत होते.

पहिल्या आठवड्यात मी थंडीशी कसे वागावे ते शिकलो, आणि ते चुकत चुकत शिकलो. पहिले दोन दिवस सुती बनियन, त्यावर सदरा, त्यावर जाड स्वेटर आणि वर वारा अडवणारे जाकीट असा जामानिमा करून बसलो. दहा मिनिटांत घाम फुटला. जाकिटामुळे तो बाहेर जाईना, बनियनने तो सगळा पिऊन घेतला, आणि चाळिसाव्या मिनिटाला थांबलो तेव्हा ओल्या बनियनने अशी हुडहुडी भरली की सुरुवातीची थंडी परवडली असती. घरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी समजावून सांगितले की थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. अशा वेळी एकदम जोराने पायडल मारणे माझ्यासारख्याला योग्य नाही. अंग आधी घरातच थोडे मोकळे करावे, मग पहिली दहा मिनिटे अगदी हलके चालवावे, आणि शेवटीही वेग हळूहळूच उतरवावा.

त्याच संध्याकाळी एक साधा हिशेब माझ्या लक्षात आला. माणसाचे शरीर हे यंत्र म्हणून फार काटकसरी नाही. खर्च केलेल्या शक्तीपैकी पाव भागच, किंबहुना त्याहूनही थोडा कमी, पायडलपर्यंत पोहोचतो. उरलेली सगळी उष्णता होते. माझ्यासारखा माणूस पायडलवर पाऊणशे वॅट देत असेल, तर त्याचे शरीर त्याच वेळी सव्वादोनशे ते तीनशे वॅट उष्णता निर्माण करत असते. म्हणजे जुन्या साठ वॅटचे चार-पाच दिवे अंगात जळत असतात. गॅरेज तापवण्याची गरजच नव्हती. गरज होती ती पहिली दहा मिनिटे निभावून नेण्याची, आणि नंतर निर्माण झालेली ऊब घामात बुडवून न टाकण्याची.

मग व्यवस्था बदलली. आधी घरातल्या लांब पडवीत दहा मिनिटे फेऱ्या. अंगाला चिकटून सुती बनियनऐवजी पातळ लोकरी बंडी, कारण लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते. तिच्यावर आक्काने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, आणि त्यावर पुढून उघडणारे सैल जाकीट, म्हणजे पायडल न थांबवता काढता येईल. हातमोजे, कानटोपी. पायमोज्यांचे दोन जोड, पण बूट घट्ट होणार नाहीत इतके पातळ. बूट आवळला की रक्त पोहोचत नाही आणि बोटे अधिकच गारठतात. सायकलखाली दोन गोणपाटे. जाकीट उतरवायचे ते घाम फुटण्यापूर्वी, तो फुटल्यावर नव्हे. जवळ कोमट पाण्याची बाटली, कारण थंडीत तहान जाणवत नाही तरी घाम जातच असतो. शटर हातभर वर, हवा खेळण्यासाठी. आणि संपल्याबरोबर ओले कपडे उतरवून कोरडे घालायचे, वर शाल. एवढे केल्यावर सात अंशांतही माझे कपाळ ओले होऊ लागले.

राहिला प्रश्न कंटाळ्याचा. जागच्या जागी सायकल चालवण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नाही. झाड नाही, वळण नाही, ओळखीचा माणूस नाही. समोर दगडी भिंत आणि तापमापक. एके दिवशी नातवाने विचारले, “मामाआजोबा, यात तुम्हाला ऊब नाही होत?”

मी म्हणालो, “येते की. पण दहा मिनिटे लागतात.”

तो गोंधळला. “दहा मिनिटांतच?” त्याच्या हिंदीच्या पुस्तकातला ‘ऊब’ म्हणजे कंटाळा, हे मला थोड्या वेळाने उमगले. मी त्याला सांगितले, “मराठीत ऊब म्हणजे ती नव्हे. नीट शब्द वापरत जा.” म्हणजे ज्या क्षणी आम्हा दोघांना पोट धरून हसता आले असते, त्या क्षणी मी निकाल देऊन मोकळा झालो.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी गॅरेजचे लाकडी दार उघडले तो आत चक्क उबदार होते. कोपऱ्यात लोखंडी शेगडी पेटलेली होती आणि तिच्यात कोळसे लालबुंद झाले होते. शटर पूर्ण खाली ओढलेले, त्याच्या फटीत पोते कोंबलेले. नातू पहाटे उठून हे सारे करून ठेवून अभ्यासाला बसला होता. मला गहिवरून आले. घाईघाईने लाकडी दारही लावून घेतले आणि सायकलवर बसलो.

पंधरा-वीस मिनिटांनी कपाळाच्या शिरा उडू लागल्या. पाय शिशाचे झाले. मळमळू लागले. वय झाले, असे मनाशी म्हणत मी आणखी थोडा वेळ पायडल मारत राहिलो. तेवढ्यात लाकडी दार ढकलले गेले आणि चौकटीत वॉकरला धरून आक्का उभी दिसली. तिने शेगडी पाहिली, बंद शटर पाहिले, आणि सत्तेचाळीस वर्षांत मी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडली, “शटर उघड की आधी! ऊठ! बाहेर हो!”

ती त्या शहरात इतके हिवाळे काढलेली बाई. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या उत्तरेत दर हिवाळ्यात येतात, हे तिला पाठ होते. कोळसा अपुऱ्या हवेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. स्वस्थ बसलेल्या माणसापेक्षा व्यायाम करणारा कितीतरी अधिक हवा आत ओढतो. म्हणजे तो विषही अधिक ओढतो. त्यात हृदयाचा रोगी. शेजाऱ्यांनी मला दवाखान्यात नेले. काही तास प्राणवायू दिला, हृदयाचा आलेख काढला. संध्याकाळपर्यंत डोके उतरले आणि मी घरी आलो.

नातू दिवसभर जेवला नव्हता. मी खाटेवर टेकताच तो समोर येऊन उभा राहिला, आणि हुंदके देत म्हणाला, “मामाआजोबा, तुम्हाला थंडी लागत होती ना, म्हणून मी अंगीठी जळवली.”

आणि मी म्हणालो, “जळवली नव्हे. पेटवली.”

मी हे रागाने म्हटले नव्हते. सवयीने म्हटले. पण त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. त्याने डोळे पुसले, मान हलवली, आणि आत निघून गेला. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी फक्त हिंदीत बोलला. “आपके लिए पानी लाऊँ?” “दादी बुला रही हैं।” अत्यंत आदराने, एकही चूक न करता. माझ्याशी मराठीत बोललेल्या प्रत्येक वाक्यावर त्याला दंड झाला होता. हिंदीत तो निर्दोष होता. त्याने सुरक्षित जागा निवडली, त्यात त्याचे काय चुकले?

आक्काने चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी दुपारी पायावर शेक घेत असताना तिने विषय काढला.

“तू कोर्टात साक्षीदाराला घेतोस तसा पोराला घेतोस.”

“आक्का, भाषा बिघडते ग त्याची.”

“मी इथे आले तेव्हा काय झालं ठाऊक आहे तुला? पहिल्याच दिवशी नणंदेला विचारलं, काय करूलास? सगळं माजघर हसलं. आपल्या बेळगावचं बोलणं. त्यांना ते कानडी वाटलं. सासूबाई पाहुण्यांसमोर मला मुद्दाम बोलायला लावायच्या. मी वर्षभर तोंड उघडलं नाही. हो आणि नाही, एवढंच. तुझे दाजी एकदा त्यांना म्हणाले, हसाल तर ती बोलणार नाही, आणि ती बोलली नाही तर पुढे मुलं कुणाचं ऐकून बोलतील? तेव्हापासून हसणं थांबलं. म्हणून या घरात मराठी आहे.”

मी काही बोललो नाही. तीच पुढे म्हणाली, “मागच्या मे महिन्यात पुण्याला गेला होता. तिथली भावंडं ‘येऊन राहिलो’ म्हणून चिडवायची त्याला. आल्यावर म्हणाला, आजी, मी मराठी नाही बोलणार. कसंबसं परत बोलायला लावलं होतं. तू आलास म्हणून किती खूश होता.”

आक्काच्या त्या बोलण्यानंतर माझ्या डोळ्यांसमोर माझाच व्यवसाय उभा राहिला. उलटतपासणीत विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला शब्दाशब्दाला अडवायचे असते. तो गडबडला, गप्प झाला, की वकील जिंकतो. पण भाषेच्या खटल्यात बोलणारा माणूस हाच आपला साक्षीदार असतो आणि तोच आपला पुरावाही असतो. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यावर आपण सीमावासी डोळे लावून बसलो आहोत. तो दावा असो, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाविषयीचे संविधानातले ३५०-अ हे कलम असो, सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: येथे मराठी बोलणारी माणसे आहेत. त्या माणसांना घराघरांत आपणच गप्प करत गेलो, तर उद्या पुरावा म्हणून काय हजर करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला गॅरेजमध्ये बोलावले. शटर हातभर वर होते. मी सायकलवर चढलो नाही, गोणपाटावर उभा राहूनच म्हणालो, “त्या दिवशी तू माझ्यासाठी पहाटे उठलास आणि मी तुझा शब्द दुरुस्त केला. चूक माझी होती. मला माफ कर.” तो हिंदीत म्हणाला, “कोई बात नहीं।” एवढेच. माफी मागितली म्हणून लगेच ऊब येत नाही. तिलाही दहा मिनिटे लागतातच.

ती वेगळ्याच वाटेने आली. दूधवाला शटरखालून वाकून पातेले आत सरकवत म्हणाला, “बाबूजी, आज घाम अच्छा निकला है।” मी कपाळाला हात लावून पाहिले, ते कोरडेच होते. नातू एकाएकी हसू लागला. “मामाआजोबा, घाम म्हणजे धूप. ऊन! बाहेर ऊन निघालं आहे, ते म्हणून राहिले.”

मला मौज वाटली. मी म्हणालो, “आणि तुझ्या हिंदीत ऊन म्हणजे काय?”

“स्वेटर ज्याने बनतो ते.”

“म्हणजे लोकर. मग आमची ऊब?”

“ती तर बोर होणं!” तो म्हणाला, आणि या वेळी आम्ही दोघेही हसलो.

त्या दिवसापासून तो रोज घड्याळ घेऊन स्टुलावर बसू लागला. चाळीस मिनिटांत आम्ही असे शब्द शोधत असू, जे दोन्ही घरांत राहतात पण वेगळा संसार करतात. संस्कृत ‘उष्ण’ मराठीत येता येता ऊन झाला, आणि ‘ऊर्णा’ म्हणजे लोकर, ती हिंदीत ऊन झाली. ‘घर्म’ म्हणजे उष्णता. तिने हिंदीत सूर्य धरला आणि मराठीत कातडी. फारसीतून आलेला ‘गरम’ हा त्याच ‘घर्म’चा दूरचा भाऊबंद, हे सांगितल्यावर त्याचे डोळे विस्फारले. त्याची ‘अंगीठी’ आणि आपल्या खेड्यांतली ‘आगटी’ याही एकाच कुळातल्या. मग तो म्हणाला, “म्हणजे मी चूक नव्हतो. मी पाहुण्यांच्या घरचा शब्द आणला होता.” एका वहीत त्याने दोन रकाने आखले. त्यात पहिला शब्द त्यानेच लिहिला: ऊब. गंमत अशी की ही वही सुरू झाल्यापासून सायकलवरची हिंदी ऊब नाहीशी झाली, आणि मराठी ऊब लवकर येऊ लागली.

मी त्याची वाक्ये दुरुस्त करणे थांबवले. म्हणजे मी नीट बोलणे सोडले असे नाही. तो म्हणे, “मला थंडी लागून राहिली.” मी म्हणे, “मलाही वाजते आहे, शाल घे.” त्याच्या कानावर माझा प्रयोग पडत राहिला; त्याचे वाक्य मात्र त्याच्या तोंडातून पूर्ण बाहेर पडले. मी निघालो त्या दिवशीही तो ‘थंडी लागते’ असेच म्हणत होता. पण त्या शेवटच्या आठवड्यांत तो माझ्याशी जितके मराठी बोलला, तितके आधीच्या दोन वर्षांत फोनवर मिळून बोलला नसेल.

वाचकहो, आपण सगळेच अशा गॅरेजांतून राहतो. बेळगाव असो, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद, मराठीसाठी तापवलेली खोली आपल्याला मिळालेली नाही. शाळा, फलक, परिपत्रके, न्यायालयातले दावे यांसाठी झगडलेच पाहिजे. त्या झगड्यात मी आयुष्य घातले आहे आणि पुढेही घालीन. ती भिंत आहे, ते छप्पर आहे. पण आतली उष्णता रोज बोलणाऱ्याच्याच अंगातून निघते, दुसरीकडून आणता येत नाही. पहिली दहा मिनिटे वेडीवाकडी, अडखळती, शेजारच्या भाषेच्या वळणाची असणारच. बेळगावचे ‘करूलास’, ग्वाल्हेरचे ‘येऊन राहिलो’, बडोद्याची गुजराती वळणे, हैदराबादची दखनी वळणे ही चाक फिरत असल्याची खूण आहे. चाक फिरत राहिले तर वळण पुढे सुधारते. थांबलेल्या चाकाचे काय सुधारणार? आणि आपल्या शुद्धतेची दारे इतकी घट्ट लावून घेऊ नयेत की आत मुलांचा श्वास कोंडेल. शटर हातभर वर असावे.

आता व्यवहाराचे दोन शब्द, कारण हा लेख वाचून कोणी गॅरेजमध्ये सायकल लावणार असेल. हृदयाचे दुखणे असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. कोळशाची शेगडी बंद जागेत कधीही नेऊ नका. मोटारीचे इंजिनही चालू ठेवू नका. डोके दुखू लागले, मळमळले, तर थकवा समजून पुढे रेटू नका. आधी उघड्या हवेत या. बाकी थंडीला घाबरण्याचे कारण नाही.

आक्का आता वॉकरशिवाय पडवीत चार पावले टाकते. ती सायकल अजून त्या स्टँडवरच आहे आणि नातू शाळेतून आल्यावर ती चालवतो, असे ती सांगते. गेल्या रविवारी त्याचा फोन आला होता. आवाजात धाप होती. “मामाआजोबा,” तो म्हणाला, “आज मस्त घाम निघाला!”

कोणता, ते मी विचारले नाही.